अमेरिकन न्यायपीठ, सिनेटची सुट्टी आणि काळा माणूस

सिनेटला सुट्टी असताना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने न्यायालयातील रिकाम्या जागा भराव्यात की नाही, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा आहे. घटनेतल्या एका कलमाचा अर्थ काय, त्या कलमातल्या एका क्रियापदाचा अर्थ काय, सुट्टी म्हणायची तर ती किती दिवसांची, असे या वादाचे स्वरूप आहे. चळवळीत काम करणाऱ्या माणसाने त्यात कशासाठी लक्ष घालावे, असे कुणी विचारील. त्याला उत्तर आहे. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयावर जो पहिला काळा माणूस न्यायाधीश म्हणून बसला, तो या कलमाच्या आधाराने बसला. त्याच्या मागून दुसरा आला, तोही याच आधाराने. घटनेचा पंडित ज्याला तांत्रिक मुद्दा म्हणतो, तो वेशीबाहेरच्या माणसाच्या दृष्टीने अनेकदा आत जाण्याचा एकमेव रस्ता असतो. म्हणून हा इतिहास आपण नीट तपासला पाहिजे. आणि तपासताना हेही पाहिले पाहिजे की त्या रस्त्याने दुसरे कोण कोण आत गेले.

प्रथम कलम समजून घेऊ. अमेरिकेची घटना १७८७ साली फिलाडेल्फियात तयार झाली. न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्षाने सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने करावी, असे ठरले. पण त्या काळी सिनेट वर्षातले थोडे महिनेच भरत असे. सभासद घोड्यावर, घोडागाडीत किंवा जहाजाने प्रवास करून येत. मध्येच एखादा अधिकारी मेला तर सिनेट पुन्हा भरेपर्यंत ती जागा रिकामी ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून नॉर्थ कॅरोलिनाच्या रिचर्ड स्पेट या सभासदाने ७ सप्टेंबर १७८७ रोजी एक तरतूद सुचवली आणि ती विरोधाशिवाय मान्य झाली. सिनेटच्या विरामकाळात ज्या जागा रिकाम्या होतील त्या राष्ट्राध्यक्षाने भराव्यात. मात्र त्या नेमणुकीची सनद सिनेटच्या पुढच्या अधिवेशनाच्या अखेरीस संपावी, अशी ती तरतूद.

इथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण पुढे आहे. याच घटनेचा तिसरा अनुच्छेद सांगतो की संघीय न्यायाधीश सद्वर्तन असेतोवर, म्हणजे व्यवहारात आयुष्यभर, पदावर राहील आणि त्याचा पगार कमी करता येणार नाही. न्यायाधीशाने कुणाला भिऊ नये म्हणून हे संरक्षण. मग जो न्यायाधीश सुट्टीत नेमला गेला, ज्याची सनद वर्षभरात संपणार आणि ज्याचे पुढचे भवितव्य सिनेटच्या हाती आहे, तो निर्भय कसा? एका अनुच्छेदाने दिलेला अधिकार दुसऱ्या अनुच्छेदाने दिलेल्या संरक्षणाला छेद देतो. वादाचे मूळ इथे आहे.

पहिला मोठा प्रसंग जॉर्ज वॉशिंग्टनच्याच कारकिर्दीत आला. १७९५ च्या उन्हाळ्यात त्याने साउथ कॅरोलिनाच्या जॉन रटलेजला सुट्टीतच सरन्यायाधीश नेमले. हा रटलेज गुलामांचा मालक होता. घटना तयार होत असताना गुलामांच्या व्यापारावर चर्चा निघाली, तेव्हा धर्माचा आणि माणुसकीचा या प्रश्नाशी काही संबंध नाही, राष्ट्रे हितसंबंध पाहतात, असे त्याने उघडपणे सांगितले होते. सिनेट भरल्यावर त्याची नेमणूक १४ विरुद्ध १० मतांनी फेटाळली गेली. पण कशासाठी? गुलाम बाळगले म्हणून नव्हे. इंग्लंडशी झालेल्या तहाविरुद्ध त्याने भाषण केले, हे त्याचे मुख्य पाप ठरले. काळ्या माणसाचे दुःख त्या सिनेटच्या हिशेबातच नव्हते.

क्रियापदाचा वादही जुना. विरामकाळात 'घडणाऱ्या' रिकाम्या जागा म्हणजे सुट्टीतच रिकाम्या झालेल्या की आधी रिकाम्या होऊन सुट्टीतही तशाच राहिलेल्या? १७९२ साली ॲटर्नी जनरल रँडॉल्फने पहिला, संकुचित अर्थ घेतला. १८२३ साली त्याच पदावरच्या विल्यम वर्टने दुसरा, व्यापक अर्थ घेतला आणि पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी सोयीने तोच धरला. एकंदर तीनशेहून अधिक संघीय न्यायाधीश या वाटेने आले. त्यात बेंजामिन कर्टिस हा एक होता. १८५१ साली तो सुट्टीत सर्वोच्च न्यायालयावर नेमला गेला. काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितले, तेव्हा त्याविरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी एक हा कर्टिस होता. वाट कुठलीही असो, माणूस ताठ राहू शकतो, याचे हे उदाहरण. पण एकट्यादुकट्याच्या ताठपणावर समाजाची व्यवस्था चालत नाही.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. घटना सिनेटची संमती मागते. पण ही सिनेट कुणाची होती? दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसाला मतदानाचा हक्क कागदावर होता. प्रत्यक्षात मतकर, वाचनाच्या परीक्षा आणि दहशत यांनी तो काढून घेतला होता. मिसिसिपीत लोकसंख्येच्या मोठ्या हिश्शाला मत नाही आणि त्या मिसिसिपीचा सिनेटर मात्र पुन्हा पुन्हा निवडून येतो. जो जास्त वर्षे टिकतो तो ज्येष्ठ होतो. जो ज्येष्ठ होतो तो समितीचा अध्यक्ष होतो. मिसिसिपीतला मळेवाला जेम्स ईस्टलंड १९५६ पासून १९७८ पर्यंत सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष होता. न्यायाधीशाचे प्रत्येक नाव त्याच्या टेबलावरून पुढे जायचे. ज्यांची मते हिसकावून घेतली, त्यांच्याच न्यायाधीशांना संमती देण्याचा अधिकार हिसकावणाऱ्यांच्या हाती होता. 'सल्ला आणि संमती' या भारदस्त शब्दांचा काळ्या माणसापुरता अर्थ हा असा होता.

वाड्याचा मोठा दरवाजा धन्याच्या मर्जीने उघडतो. अशा दरवाज्यात एक लहान दिंडी असते. वाकून का होईना, माणूस तिच्यातून आत जातो. सुट्टीतली नेमणूक ही अशी दिंडी ठरली.

विल्यम हेस्टी हा हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला विद्वान. १९३७ साली रुझवेल्टने त्याला व्हर्जिन बेटांवरच्या न्यायालयात नेमले, पण ती ठरावीक मुदतीची नेमणूक होती. युद्धकाळात तो युद्धखात्यात सल्लागार होता. सैन्यात काळ्यांना वेगळे ठेवले जाते, याचा निषेध म्हणून १९४३ साली त्याने राजीनामा दिला. अशा माणसाचे नाव सिनेटपुढे सहज पुढे सरकणे शक्य नव्हते. २१ ऑक्टोबर १९४९ रोजी ट्रुमनने त्याला तिसऱ्या मंडळाच्या अपील न्यायालयावर विरामकाळातली नेमणूक दिली. हेस्टी न्यायासनावर बसला, खटले ऐकू लागला. सिनेटने जुलै १९५० मध्ये, नऊ महिन्यांनी, संमती दिली. पुढे तो त्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला.

थरगुड मार्शलची कथा अधिक परिचित आहे. शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा ब्राउन खटला सर्वोच्च न्यायालयात लढणारा हा वकील. सप्टेंबर १९६१ मध्ये केनेडीने त्याचे नाव दुसऱ्या मंडळाच्या अपील न्यायालयासाठी पाठवले. सिनेटने ते लोंबकळत ठेवले. ऑक्टोबरमध्ये केनेडीने सुट्टीत नेमणूक केली. त्यानंतर उपसमिती, चौकशी, तहकुबी, पुन्हा चौकशी असे सुरू झाले. संमती मिळाली ती ११ सप्टेंबर १९६२ रोजी, ५४ विरुद्ध १६ मतांनी. सिनेटचे ते अधिवेशन १३ ऑक्टोबरला संपले. आणखी महिनाभर चालढकल झाली असती, तर मार्शलची सनद आपोआप रद्द झाली असती.

याच्याशेजारी दुसरे नाव ठेवू. ईस्टलंडचा कॉलेजातला सोबती हॅरल्ड कॉक्स याला केनेडीनेच जून १९६१ मध्ये मिसिसिपीतल्या जिल्हा न्यायालयावर नेमले आणि त्याच महिन्यात सिनेटची संमतीही मिळाली. या कॉक्सने १९६४ साली न्यायासनावरून, मतदार म्हणून नाव नोंदवायला आलेल्या काळ्या माणसांना चिंपांझी म्हटले. एकाला महिनाही लागला नाही. दुसऱ्याला सुट्टीतल्या नेमणुकीनंतर अकरा महिने लागले. मोठ्या दरवाज्यातून कोण कसा जातो आणि दिंडीजवळ कोण ताटकळतो, हे समजायला याहून वेगळा पुरावा नको.

जानेवारी १९६४ मध्ये जॉन्सनने एकाच वेळी दोन काळ्या वकिलांना जिल्हा न्यायालयांवर सुट्टीत नेमले. स्पॉट्सवुड रॉबिन्सन हा ब्राउन खटल्यात व्हर्जिनियातल्या मुलांच्या बाजूने उभा राहिलेला वकील. लिऑन हिगिनबॉथम त्या वेळी पस्तीस वर्षांचा होता. पुढे त्याने अमेरिकन कायद्याने वंशभेद कसा घडवला याचा मूलभूत इतिहास लिहिला. दोघांनाही त्याच वर्षी सिनेटची संमती मिळाली.

इथे एक घटना विसरता येत नाही. सप्टेंबर १९५३ मध्ये सरन्यायाधीश व्हिन्सन वारला. आयसेनहॉवरने ऑक्टोबरमध्ये अर्ल वॉरनला सुट्टीतली सनद देऊन त्या जागी बसवले. ब्राउन खटल्याची फेरसुनावणी डिसेंबर १९५३ मध्ये झाली, तेव्हा वॉरनला सिनेटची संमती नव्हती. ती १ मार्च १९५४ ला मिळाली आणि १७ मे रोजी एकमताचा निकाल लागला. शतकातला सर्वांत महत्त्वाचा वर्णभेदविरोधी खटला ऐकत होता तो सरन्यायाधीश तात्पुरता होता. दक्षिणेच्या सिनेटरांना त्याच्या मनातले तेव्हा कळले असते, तर?

पुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १९५८ साली पॉटर स्टुअर्ट असाच सुट्टीत सर्वोच्च न्यायालयावर आला. १९५९ साली समितीपुढे त्याची चौकशी झाली, तेव्हा तो न्यायाधीश म्हणून काम करीत होता. दक्षिणेच्या सिनेटरांनी त्याला ब्राउन निकालाविषयी छेडले. मी तो निकाल उलटवीन अशा समजुतीने मला मत देऊ नका, असे त्याने सुनावले. त्याच्या विरोधात १७ मते पडली. स्टुअर्ट टिकला. पण न्यायासनावर बसलेल्या माणसाला राजकारणी विचारतात, तू कोणत्या बाजूचा, आणि त्याची नोकरी त्यांच्या हाती असते, ही गोष्ट कुणालाच निश्चिंत करणारी नाही.

म्हणूनच या पद्धतीला विरोध करणारे सारे वर्णवर्चस्ववादी होते, असे म्हणणे खोटे होईल. ऑगस्ट १९६० मध्ये सिनेटने ४८ विरुद्ध ३७ मतांनी ठराव केला की सर्वोच्च न्यायालयावर सुट्टीतल्या नेमणुका, अपवादात्मक निकड सोडल्यास, करू नयेत. हा ठराव बंधनकारक नव्हता. तो मांडणारा मिशिगनचा फिलिप हार्ट पुढे १९६५ च्या मतदानहक्क कायद्यासाठी सिनेटमध्ये झुंजला. त्याचा आक्षेप प्रामाणिक होता. न्यायाधीश उमेदवारीवर असता कामा नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

न्यायालयांनी काय ठरवले? १९६२ साली दुसऱ्या मंडळाच्या न्यायालयाने अशा नेमणुका वैध ठरवल्या. हवाईतल्या वॉल्टर हीन या न्यायाधीशाला कार्टरने १९८० च्या शेवटच्या दिवशी नेमले होते. त्याच्यापुढे शिक्षा झालेल्या एका आरोपीच्या अपिलात, हा न्यायाधीशच कायम नाही, असा आक्षेप निघाला. नवव्या मंडळाच्या लहान पीठाने १९८३ साली तो मान्य केला. पूर्ण पीठाने १९८५ साली तो फेटाळला. कलम स्पष्ट आहे आणि दोनशे वर्षांची वहिवाट आहे, असा त्याचा आधार.

चौथ्या मंडळात मेरिलंड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलिना येतात. काळ्यांची वस्ती मोठी. पण २००० सालापर्यंत त्या अपील न्यायालयावर एकही काळा न्यायाधीश नव्हता. नॉर्थ कॅरोलिनाचा सिनेटर जेसी हेल्म्स आपल्या राज्यातली नावे अडवून धरत होता. ज्या राज्यातला उमेदवार, त्या राज्याच्या सिनेटरला नकाराचा अधिकार, ही तिथली जुनी रूढी. घटनेत तिचा एक शब्द नाही. तिथली एक जागा तर १९९० साली निर्माण झाल्यापासून भरलीच गेली नव्हती. २७ डिसेंबर २००० रोजी क्लिंटनने व्हर्जिनियातल्या रॉजर ग्रेगरीला सुट्टीत त्या जागेवर नेमले. गंमत अशी की, बसलेल्या माणसाला उठवण्याची हिंमत कुणाला झाली नाही. पुढच्या राष्ट्राध्यक्षाने, बुशने, त्याचेच नाव पाठवले आणि जुलै २००१ मध्ये ते ९३ विरुद्ध १ मताने मान्य झाले. जो माणूस वर्षभरापूर्वी समितीपुढे येऊ शकत नव्हता, तो जवळजवळ एकमताने लायक ठरला. लायकी तीच, फरक इतकाच की आता तो आत होता.

इथे लेख संपवला असता तर तो सुखाचा झाला असता. पण इतिहास इथे थांबत नाही.

२००४ च्या जानेवारीत त्याच बुशने मिसिसिपीच्या चार्ल्स पिकरिंगला पाचव्या मंडळावर सुट्टीत बसवले. मिश्र जोडप्याच्या घरापुढे क्रूस जाळणाऱ्या एका आरोपीची शिक्षा कमी व्हावी म्हणून न्यायाधीश असताना त्याने खटपट केली होती. काळ्यांच्या संघटनांचा त्याला कडवा विरोध होता. फेब्रुवारीत अलाबामाचा विल्यम प्रायर अकराव्या मंडळावर आला. मतदानहक्क कायद्याच्या ज्या पाचव्या कलमाने दक्षिणेतल्या राज्यांना लगाम घातला होता, त्यावर त्याने जाहीर टीका केली होती. त्याची नेमणूक तर अधिवेशनाच्या मधल्या दहाएक दिवसांच्या सुट्टीत झाली. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये ती वैध ठरवली. पिकरिंग वर्षअखेरीस निवृत्त झाला. प्रायरला २००५ साली सिनेटची संमती मिळाली. ज्या दिंडीतून हेस्टी आणि मार्शल आत गेले, तिच्यातूनच हे दोघेही गेले. दिंडीला वर्ण नसतो. किल्ली ज्याच्या कमरेला, त्याची ती.

पुढे सिनेटने दिंडीलाच कडी घातली. २००७ च्या अखेरीपासून सुट्टीतही दर तीन दिवसांनी एखाद्या सभासदाने क्षणभर सभागृह भरवायचे आणि बंद करायचे, अशी युक्ती निघाली. म्हणजे सुट्टी असून सुट्टी नाही. २०१२ साली ओबामाने ही युक्ती झुगारून कामगार-संबंध मंडळावर नेमणुका केल्या. २६ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या एकमताने रद्द केल्या. मात्र मूळ अधिकार न्यायालयाने शाबूत ठेवला आणि जुन्या क्रियापदाचा व्यापक अर्थही मान्य केला. फक्त दहा दिवसांहून कमी सुट्टी सामान्यतः पुरेशी नाही, आणि सभागृह कधी भरले आहे हे ठरवणे सभागृहाकडेच, असे सांगितले. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया वारला. ओबामाने सुचवलेल्या मेरिक गारलंडला सिनेटने साधी सुनावणीसुद्धा दिली नाही. जागा वर्षभर रिकामी ठेवली. ओबामाने सुट्टीची वाट वापरली नाही. तेव्हा, राष्ट्राध्यक्ष सुट्टीत न्यायाधीश नेमू शकतो का, याचे सरळ उत्तर असे : कायद्याने नेमू शकतो, पण सिनेटने सुट्टी घ्यायचीच नाही असे ठरवले, तर हा अधिकार कागदावर राहतो.

या साऱ्याचा आपल्याशी थेट धागा आहे. २४ मे १९४९ रोजी, म्हणजे हेस्टीच्या नेमणुकीच्या जेमतेम पाच महिने आधी, घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. बाबासाहेबांनी इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही पद्धती समोर ठेवल्या. नेमणूक केवळ सरकारच्या मर्जीवर सोडणे त्यांना धोक्याचे वाटले. अमेरिकेसारखी विधिमंडळाची संमती त्यांना किचकट वाटली आणि तीत राजकीय दडपणाची शक्यता दिसली. सरन्यायाधीशाच्या हाती नकाराधिकार देणेही त्यांनी नाकारले. कारण तोही अखेर माणूस, आपल्यासारखेच गुणदोष आणि पूर्वग्रह असलेला. दारावर कोणताही एक राखणदार बसवला तर तो दार आपलेच समजतो, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? १९९३ च्या निकालापासून आपल्याकडे ही किल्ली मुख्यतः न्यायाधीशांच्याच हाती गेली. बाबासाहेबांनी दिलेला इशारा त्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे.

तात्पुरत्या न्यायाधीशाचे भयही आपल्याला परके नाही. आपल्या घटनेच्या २२४ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयात दोन वर्षांपर्यंत अतिरिक्त न्यायाधीश नेमता येतात. आणीबाणीत मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश यू. आर. लळित यांनी विद्यार्थ्यांना जामीन दिला आणि त्यांना कायम करण्यात आले नाही. दुसरीकडे, अमरावतीचे भूषण गवई २००३ साली त्याच न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश म्हणून आले, २००५ साली कायम झाले आणि मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात देशाचे सरन्यायाधीश होते. तीच तात्पुरती पायरी. एकाला तिने खाली उतरवले, एकाला वर नेले.

यातून आपण काय घ्यायचे? एक, मोठा दरवाजा बंद करून बसलेला माणूस जेव्हा दिंडीतून आलेल्याला 'मागच्या दाराने आला' म्हणून हिणवतो, तेव्हा खाली मान घालायचे कारण नाही. हेस्टीची विद्वत्ता सिनेटच्या शिक्क्यावाचूनही तेवढीच होती. दोन, सवलत म्हणजे हक्क नव्हे. जी वाट एका राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने उघडते ती दुसऱ्याच्या मर्जीने आपल्या विरोधकासाठीही उघडते आणि तिसऱ्याच्या काळात बंद होते. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे : ईस्टलंडचे राज्य सुट्टीतल्या नेमणुकांनी संपले नाही. ते संपवायला सेल्मासारख्या गावांतून माणसे चालली, लाठ्या खाल्ल्या, १९६५ चा कायदा मिळवला, मतदार म्हणून नावे नोंदवली. दक्षिणेच्या सिनेटरांना काळ्यांची मते मोजावी लागली, तेव्हा कुठे सिनेटचा मोठा दरवाजा हलू लागला. एप्रिल २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन ही पहिली काळी स्त्री सर्वोच्च न्यायालयावर गेली ती सिनेटच्या ५३ विरुद्ध ४७ मतांनी, मोठ्या दरवाज्यातून, भर अधिवेशनात.

दिंडी उघडी मिळाली तर आत जावे, अवश्य जावे. पण आत गेलेल्याने पहिले काम करायचे ते मोठ्या दरवाज्याचा अडसर काढण्याचे. आणि बाहेर उरलेल्यांनी दरवाज्यावरचे धक्के थांबवायचे नाहीत.